पाण्याचा कडता

आमच्या घरी कुठलीही वस्तू आली की आधी तिचं वजन व्हायचं आणि मगच ती आत यायची. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे माल तोलून देणारा माणूस. दिवसभर गोण्या तोलून आलेल्या माणसाला घरी तराजूचं तोंडही बघू नये असं वाटायला हवं, पण आमच्याकडे सगळंच उलटं. जुईनगरच्या आमच्या घरात दारामागे खिळ्याला पितळी पारड्यांचा एक तराजू कायम टांगलेला असायचा. मामाने साताऱ्याहून पाठवलेला घेवडा, सोसायटीने दिवाळीला वाटलेला मिठाईचा पुडा, शेजाऱ्यांकडून आलेला सत्यनारायणाचा प्रसाद, सगळं त्यातून जायचं. माझ्या भाचीच्या बारशाला आण्णांनी बाजारातून मोठा काटा आणला, तिला झोळीत घालून तोललं, आणि आकडा सांगायच्या आधी झोळीचं आणि दुपट्याचं वजन वजा केलं. बारशाला आलेल्या बायकांना यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना कळलं नाही.

ती वजावट हाच त्यांचा खरा धर्म होता. बाजारात गोणी काट्यावर चढली की जो आकडा येतो तो सगळा मालाचा नसतो. त्यात बारदान असतं, माती असते, आणि पावसाळ्यात कांदा भिजलेला असला तर पाणी असतं. ते सगळं वजा करायचं, त्याला म्हणतात कडता. बारदानाबद्दल आणि मातीबद्दल आण्णा नरमाईने बोलायचे, पण पाण्यावर त्यांचा राग होता. पाणी मारून कोथिंबीर विकणारी आमच्या गल्लीतली भाजीवाली आण्णा येताना दिसले की जुड्या झटकायला घ्यायची. "पानी म्हंजे काय माल हाय व्हय?" असं ते तिला दर वेळी विचारायचे आणि ती दर वेळी नाही म्हणायची.

अशा घरात मी अकरावीला सायन्स घेतलं आणि मूलद्रव्यांच्या अणुभारांचा तक्ता भिंतीवर चिकटवला. आण्णांना रसायनशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं, पण प्रत्येक मूलद्रव्याला स्वतःचं ठरलेलं वजन असतं आणि ते कुणाला बदलता येत नाही, हे ऐकून ते एकदम खूश झाले. मग रात्रीच्या जेवणाला आमचा खेळ सुरू झाला. ते घरातली एक वस्तू सांगायचे, मी तिचं सूत्र सांगायचे, आणि दोघं मिळून बेरीज करायची. बेरीज येते ते त्या पदार्थाचं मोलर वस्तुमान, म्हणजे त्याचा एक मोल घ्यायचा तर तितके ग्रॅम तोलायचे. मीठ सांगितलं की सोडियम तेवीस, क्लोरीन साडेपस्तीस. साडेपस्तीस ऐकून आण्णांच्या कपाळाला आठी पडली होती, कारण अर्ध्याचा व्यवहार त्यांना कुठेच आवडायचा नाही. साखरेत बारा कार्बन, बावीस हायड्रोजन, अकरा ऑक्सिजन, मिळून तीनशे बेचाळीस. "वजनदार माल हाय," ते म्हणाले, आणि चहात साखर जरा जपून घालायला लागले.

एकदा त्यांनी धुण्याचा सोडा काढला. मी सूत्र सांगितलं तेव्हा त्यात शेवटी दहा पाणी निघालं. सोडा एकशे सहा, पाणी एकशे ऐंशी. आण्णांनी घास खाली ठेवला. मालापेक्षा पाणी जास्त असलेली गोणी त्यांनी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. ते पाणी स्फटिकाच्या आतच असतं, असं मी पुस्तकातलं सांगायला गेले, पण मला तरी ते कुठे नीट कळलं होतं. "पानी वजा कर," ते म्हणाले. "निव्वळ एकशे सहा. फुडं चल." आणि आम्ही पुढे गेलो. त्यानंतर सूत्रात पाणी आलं की ते आमच्या जेवणात वजाच व्हायचं.

कॉलेजात मला यावरून कधी कुणी हटकलं नाही. गणितात मोलर वस्तुमान बहुतेक वेळा दिलेलंच असायचं, आणि प्रयोगशाळेत द्रावणं आधीच तयार करून ठेवलेली असायची. आम्ही फक्त ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून रंग बदलायची वाट बघायचो. अशा रीतीने मी पाणी वजा करत करत बी.एस्सी. झाले, आणि तेही फर्स्ट क्लासमध्ये.

नोकरी तळोज्याला लागली, रंगांची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. लागली म्हणजे महिनाभर बघू आणि मग ठरवू, अशी. बाजारातल्या एका व्यापाऱ्याचा साडू त्या कारखान्यात होता, आणि आण्णांनी त्या व्यापाऱ्याकडे शब्द टाकला होता. "माझी पोरगी गुंजभर हिकडचं तिकडं करनार न्हाई," असं ते म्हणाले होते. आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेला माणूस माझ्यासाठी मागून आला, याचं मला कौतुकही वाटायचं आणि दडपणही यायचं.

मला स्वतःला ती नोकरी हवी होती, अगदी हट्टाने हवी होती. माझ्याबरोबरच्या मुली एक तर बी.एड.ला गेल्या होत्या नाही तर सासरी. आईने कोरेगावकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलाची डाळिंबाची बाग होती, आणि त्या बागेत माझ्या पदवीचं नेमकं काय करायचं हे आईलाही सांगता येत नव्हतं. "महिना होऊ दे, मग बघू," असं ती म्हणायची, पण तिच्या आवाजावरून तिचं बघून झालेलं असायचं. इकडे मला पांढरा कोट घालून काचेच्या नळीकडे डोळे बारीक करून बघणारी मी फार आवडायला लागले होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख एक मॅडम होत्या. किडकिडीत बांधा, हळू आवाज, आणि त्या हळू आवाजात बोलल्या की भट्टीवरचे दांडगे ऑपरेटरसुद्धा सरळ उभे राहायचे. एका शनिवारी त्या मला म्हणाल्या, "ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण संपलंय. नवं कर. एक लिटर, एक दशांश मोलर." हे द्रावण म्हणजे आमचं प्रयोगशाळेतलं वजनमाप. त्याच्यावरून बाकीच्या मालाची ताकद ठरायची. ते करायला सांगितलं म्हणजे मॅडमचा माझ्यावर विश्वास बसत चाललाय, असा मी अर्थ काढला आणि हवेत गेले.

बाटलीच्या लेबलाचा खालचा भाग ॲसिडने खाल्ला होता. सूत्र दिसत होतं, आकडा दिसत नव्हता. मी कागदावर मांडलं. दोन हायड्रोजन दोन, दोन कार्बन चोवीस, चार ऑक्सिजन चौसष्ट, झाले नव्वद. पुढे दोन पाणी, छत्तीस. एकूण एकशे सव्वीस. इथपर्यंत देवाच्या दयेने सगळं बरोबर होतं. मग मी बाटली उघडली. जुलैचे दिवस, तळोज्याची दमट हवा, आतले खडे एकमेकांना चिकटून ढेकळं झालेली. ती ढेकळं बघितली आणि माझ्या डोक्यात आण्णा बोलले. हे पाणी म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे कडता. मी छत्तीस खोडले, नव्वद धरले, आणि त्याचा दहावा भाग म्हणून नऊ ग्रॅम तोलले. श्वास रोखून, तराजूच्या काचा लावून, कणाकणाने तोलले. चुकीचं वजन इतकं बिनचूक मी पुन्हा कधी केलं नाही.

थोड्या वेळाने कॉस्टिक सोड्याचा टँकर गेटवर लागला. प्रयोगशाळेने पास म्हटल्याशिवाय तो रिकामा होत नसे. ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभा. "मॅडम, जरा जल्दी करो ना. कलंबोली जाके गाडी लगाने का है." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं होतं. मी लगेच तपासणी केली. असा माल सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्क्यांचा असतो. माझं उत्तर आलं सदुसष्ट. मला वाटलं, चला, माल चांगला आलाय.

स्टोअरमधले काका जवळच्याच खाडीकाठच्या गावचे. त्यांनी आकडा वाचला, ड्रायव्हरकडे बघितलं, टँकरकडे बघितलं. "सदुसष्ट? मंग पाईप कशाला जोरू? कुदल आनू का?" कारण तितक्या ताकदीचा कॉस्टिक पातळ राहतच नाही, टाकीत दगड होऊन बसतो, आणि समोर तर टँकरच्या नळातून थेंब गळत होते. काकांचं हसणं ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी माझा कागद उचलला.

"ऑक्झॅलिक किती घेतलंस?"

"नऊ ग्रॅम."

"आणि पाणी?"

"वजा केलं."

"का?"

"ते पाणी आहे ना, म्हणून."

मॅडमच्या लगेच लक्षात आलं, माझं द्रावण हलकं होतं म्हणून त्याच्यापुढे टँकरचा माल भारी ठरला होता. मग त्यांनी स्वतः नवं द्रावण केलं, टँकर तपासला, पास केला, ड्रायव्हरला मार्गी लावलं, आणि हात पुसत मला म्हणाल्या, "सोमवारी मला सांग, पाणी का धरायचं. पुस्तकातलं वाक्य नको, ते मला पाठ आहे. तुला पटलं असेल ते सांग. पटलं नसेल तर उद्या हीच चूक दुसऱ्या बाटलीवर होईल, आणि मग मी तुला इथे ठेवू शकत नाही." हे सगळं त्याच हळू आवाजात.

कंपनीच्या बसमधून मी रडत घरी आले. आण्णा नुकतेच बाजारातून आले होते. झालेलं सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुज्या मॅडम पानी मालात धरत्यात? मी येऊ का सोमवारी समजावून सांगाया?"

माझा ताबा सुटला. "आण्णा, चूक तुमची आहे. तुमचा कडता तिथे चालत नाही. खडा कोरडा असला तरी त्याच्यात पाणी असतं आणि ते त्याचंच असतं."

आई भाकरी थापायची थांबली. मापाड्याला काट्याच्या बाबतीत खोटं म्हणणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. बाजारात यावरून माणसं एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नसत, आणि आण्णांना तर तिथे कधी कुणी तसं म्हणालंच नव्हतं. ते काही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कोरड्या खड्यात पानी? दाव मला."

रविवारी बाजार बंद. आण्णा सकाळीच पनवेलला गेले आणि बी-बियाण्याच्या दुकानातून पाव किलो मोरचूद घेऊन आले. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, त्यांच्या ओळखीचं, गावाकडे द्राक्षबागांवर चुन्यात मिसळून ते फवारतात. निळेशार, करकरीत कोरडे खडे. त्यांनी मूठभर घेऊन चोळले, हात मला दाखवला. बोट ओलं झालं नव्हतं. मी पेन्सिल घेतली. तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, चार ऑक्सिजन चौसष्ट, मिळून एकशे साडेएकोणसाठ. पाच पाणी, नव्वद. एकूण दोनशे साडेएकोणपन्नास. अर्धा ग्रॅम सोडला तर मोरचुदाचा एक मोल म्हणजे बरोबर पाव किलो. रसायनशास्त्राने एकदा तरी आमच्या बाजाराशी जुळवून घेतलं, याचा त्या परिस्थितीतही मला आनंद झाला.

"भाजल्यावर एकशे साठ उरेल," मी म्हणाले.

"नव्वद ग्रॅम पानी?" आण्णा हसले. "ह्यातनं?"

भांडं हा मोठा प्रश्न होता. लोखंडी कढईत मोरचूद घातलं तर तांबं कढईला बसतं, एवढं मला माहीत होतं. शेवटी आईने गावाहून आणलेलं मातीचं खापर मिळालं. "ते इख हाय, त्यात मी परत भाकरी भाजनार न्हाई," असं म्हणून तिने ते दिलं आणि देताना असा चेहरा केला की कोरेगावचं स्थळ मला एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. गॅलरीत स्टोव्ह पेटवला. थोड्या वेळाने खडे तडतडायला लागले, कडांना फिके पडले, आणि वाफ यायला लागली. वर धरलेल्या ताटलीला खालून थेंब लागले. आण्णांनी ताटली उलटी करून एक थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि पुसून टाकला.

खापर जरा निवल्यावर आण्णांनी पावडर कागदावर घेतली, कागदाइतकाच दुसरा कागद समोरच्या पारड्यात टाकला आणि तोललं. एकशे ऐंशीच्या आसपास. "बग. तुजे एकशे साठ कुठं हायत?" ते एवढे खूश झाले की त्यांनी आईला चहा टाकायला सांगितला. मी म्हणाले, पाचातलं एक पाणी हट्टी असतं, ते सगळ्यांत शेवटी निघतं. पावडर अजून फिकट निळी होती. ढेकळं फोडून मी ती पुन्हा स्टोव्हवर ठेवली. चहा झाला, कप विसळून झाले, आणि खापरात पांढरी भुकटी दिसायला लागली.

आण्णांनी शंभराचं वजन ठेवलं, मग पन्नासाचं, मग दहाचं. पारडी एका रेषेत आली. त्यांनी वजनं काढली, पारडी फडक्याने पुसली, भुकटी उजवीकडून डावीकडे घेतली आणि पुन्हा तोललं. एकशे साठ. मग त्यांनी चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली. मी तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. ती क्षणात निळी झाली आणि गरमही झाली. आण्णांनी हात झटकला नाही. निळा डाग पडलेला तळहात ते बघत बसले. आईने दोनदा बजावल्यावर उठून त्यांनी हात साबणाने धुतला.

"कोरडा दिसतोय, पर पानी त्येचंच हाय," ते शेवटी म्हणाले. "मग माजंच चुकलं. मॅडमना सांग, बापानं उलटं शिकवलं. पोरीची चूक न्हाई."

मला फार वाईट वाटलं. आदल्या दिवशी मीच त्यांना हे तोंडावर म्हटलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकवेना. त्यांनी मला उलटं शिकवलं नव्हतं, हे मला त्या दुपारी भुकटी कागदात बांधताना लक्षात आलं. बाजारात आण्णा पाणी वजा करतात, पण काट्यावर गोणी चढते ती पाण्यासकटच. कुणाला निव्वळ नऊ मण कांदा हवा असेल तर ओल धरून त्याच्यापेक्षा जास्त तोलावा लागतो. मी काय केलं, तर कागदावर पाणी कापलं आणि पारड्यात मात्र ओला माल घातला. अर्धाच कडता केला. आण्णांनी असं कधीच केलं नसतं.

सोमवारी मी मॅडमना हेच सांगितलं. गोणी, ओल, कडता, सगळं बाजाराच्याच भाषेत, कारण दुसऱ्या भाषेत मला ते पटलं नव्हतं. "मला नऊ ग्रॅम निव्वळ हवं असेल, तर खड्यातलं पाणी धरून बारा पूर्णांक सहा तोलावं लागतं. पाणी खड्याचंच आहे, ते काढता येत नाही, म्हणून एकशे सव्वीसच धरायचं." मोरचुदाचंही सांगितलं. खापराचं सांगितलं तेव्हा त्यांनी घरात लहान मुलं आहेत का ते विचारलं आणि मी पुन्हा असं काही घरी करणार नाही असं वदवून घेतलं.

मग त्यांनी ऑक्झॅलिकची बाटली माझ्यापुढे सरकवली. "तोल."

त्या दिवशी आलेला टँकर माझ्या द्रावणावर तपासला, आणि रिपोर्टवर तपासणाऱ्याच्या जागी मॅडमनी मला सही करायला लावली. महिना संपायला अजून अवकाश होता, पण तिथे माझं काय ते ठरलं होतं. संध्याकाळी आण्णा हायवेवर बसथांब्याशी उभे होते. "ठेवलं?" त्यांनी विचारलं. मी ठेवलं म्हणाले. मग घरापर्यंत माझी पर्स त्यांनी धरली, जी त्यांनी आधी कधीच धरली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मला एक दिवस सुट्टी होती, म्हणून आण्णांचा डबा घेऊन मी बाजारात गेले. ते काट्यापाशी पाठमोरे उभे होते. आण्णांनी माझ्या नोकरीसाठी ज्याच्याकडे शब्द टाकला होता, तो व्यापारी समोरच्या गाळ्यात बसला होता. त्याने गादीवरूनच विचारलं, "काय मापाडी, पोरगी टिकली का तळोज्याला?"

हमाल, गिऱ्हाईकं, शेजारचे दोन मापाडी, सगळे तिथेच होते. मला वाटलं, आण्णा हो म्हणतील आणि पुढची गोणी घेतील.

"टिकली की," ते मोठ्याने म्हणाले. "मला काट्यावर खोटं पाडलं तिनं."

दुसरे बाप पोरगी बोर्डात आली हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात त्यांनी ते सांगितलं. बाजूच्या मापाड्याने ऐकलं नसेल असं वाटून त्यांनी त्याच्याकडे वळून पुन्हा एकदा सांगितलं. त्यांचं सांगून होईपर्यंत मी डबा हातात धरून तिथेच मागे उभी राहिले.